ठेचा खाणारा साहेब

साहेब, हे पत्र लिहीन लिहीन म्हणत मी इतकी वर्षं पुढं ढकलत आलो, की आता ढकलायला जागा उरली नाही. कारणं विचाराल तर पायलीभर मोजून देतो. एकदा कागद होता तर शाई नव्हती. एकदा शाई मिळाली, तर नेमका सेलूच्या बाजारात अस्वलवाला आला आणि मी त्याच्या मागंमागं जिंतूरपर्यंत गेलो. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, हेही एक कारण मी बरीच वर्षं पुरवून वापरलं. मेलेल्या माणसाला वाचायला येतं की नाही हा सवाल मला नंतर सुचला. आणि माझं लिहिणं तरी काय? शाळेत गेलो तो शाळेचं छप्पर गळायला लागेपर्यंत, मग मास्तरही आपल्या गावी गेले आणि मीही मोकळा झालो. पण काल असं काही झालं की न लिहिता राहवेना. काल सोनपेठच्या बाजारात मी तुमचा खेळ केला. तुमच्यावाचून केला, आणि लोक हसले. साहेब, लोक असे हसले की समोरच्या दुकानातले लिंगायत अप्पा गळ्यातलं लिंग सांभाळत गादीवरून खाली आले. आज सकाळी त्यांनीच मला ओट्यावर बसायला जागा दिली, दौत दिली आणि हा कागद दिला. गुळाच्या ढेपेचा आहे, त्यामुळं मी लिहितोय आणि मुंग्या वाचायल्यात.

कालचं सगळं सांगणार आहे, पण तसं एकदम सांगितलं तर तुम्ही म्हणाल, पळतोस कशाला. म्हणून पहिल्यापासून घेतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. मामा गेला. जाताना तो म्हणाला, "फड मोडला तर मोडू दे, पर साहेबाचा ठेचा बंद पडू देऊ नगंस." फड मोडलाच. कुणी शेतात राबायला गेलं, कुणी निजामाच्या अखेरच्या गडबडीत मुलुख सोडून गेलं. राहिलो मी आणि मामी. डफ वाजतो तिथं फड असतो आणि आमच्याकडं डफ धरणारा हातच उरला नाही. एकट्याच्या जोरावर हा खेळ दोन-चार बाजार चालेल आणि मग तुमचं नाव माझ्याबरोबर धुळीत जाईल, ही भीती घेऊन मी काल उभा राहिलो होतो. ती भीती अजून पुरती गेलेली नाही.

तर तुम्ही पहिल्यांदा दिसलात ते परभणीच्या टेसनावर. आमचा फड मानवतला निघालेला. फलाटाच्या टोकाला पाण्याच्या हौदाजवळ एक गोरा माणूस पत्र्याच्या पेटीवर डोकं टेकून पडलाय. अंगात कोट, गळ्याशी फुलपाखरासारखी गाठ मारलेली पट्टी, पोटावर उंच काळी टोपी, आणि ती टोपी श्वासाबरोबर वर-खाली होतेय. लोक लांबून गोल करून बघायलेत. गोऱ्याच्या अंगाला हात कोण लावणार?

"मेला तर आपल्यावर येईल," आमचा ढोलकीवाला म्हणाला.

"आन जिता ऱ्हायला तर?" मामी म्हणाली. "तवा कुनावर येईल?" आणि तिनं सरळ तांब्या घेतला आणि तुमच्याजवळ बसून तुमच्या तोंडात पाणी सोडलं. तुम्ही डोळे उघडलेत. बाईमाणूस समोर बघून टोपी उचलून सलाम करायला गेलात, तर हातात जोर नव्हता. टोपी सुटली आणि नेमकी मामीच्या तांब्यावर जाऊन बसली. तापानं फणफणलेला माणूस! तुम्ही त्या टोपी घातलेल्या तांब्याकडं बघितलंत, जरा विचार केलात आणि त्यालाच वाकून सलाम केलात. सगळा फलाट हसला. मामा तेवढा हसला नाही. फडाचा सरदार होता तो, हसू कुठून निघतं ते बघणं त्याचा धंदा होता. तो वळून म्हणाला, "ह्यो आपल्यातलाच हाय. उचला, गाडीत घाला."

मानवतला आम्ही एका कापसाच्या आडत्याच्या गोदामामागं उतरलो होतो. सरकीचा वास, कापसाचे तंतू हवेत तरंगायलेत, तीन दगडांची चूल, आणि तुम्ही खाटेवर. मामीनं तुम्हाला जवारीच्या कण्या पाजून पाजून उभं केलं. ज्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा मांडी घालून पंगतीला बसलात तो दिवस तर मला आत्ता दिसतोय. तुमचे गुडघे कानाशी आले होते. मामीनं भाकर वाढली आणि सवयीनं तिच्यावर ठेच्याचा गोळाही ठेवला. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून, लसूण-मीठ घालून तांब्याच्या बुडानं रगडलेला. मामा ओरडला, "आगं त्येला नगं!" तोवर तुम्ही सगळा गोळा एका घासात तोंडात टाकला होता. हलवा समजलात म्हणे. आम्ही सगळे थांबलो. तुम्हीही थांबलात. ओरडला नाहीत, थुंकला नाहीत, पाण्याला हात घातला नाही. पाहुणा म्हणून बसलेला माणूस, यजमानीण समोर उभी. आधी तुमचे कान लाल झाले. मग गाल. मग सगळ्यात शेवटी नाक. डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला, मिशीपर्यंत आला, तिथं जरा थांबला आणि खाली गेला. तुम्ही मामीकडं बघून मान झुकवलीत, आणि ताट पुढं केलंत. "आनखी वाड," हे तुम्ही आमच्यात शिकलेले पहिले शब्द होते, पंगतीत ऐकून ऐकून. मामी अशी हसली की तिच्या हातातला तांब्या चुलीत पडला आणि विस्तव विझला. तेव्हा मामीचं तान्हं जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात तिचा हसण्याचा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता. तुम्हाला हे माहीत नव्हतं. मामाला होतं. तो ताटावरून उठून गोदामाच्या पुढल्या अंगाला गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

तुमची कहाणी तुम्ही तुकड्या-तुकड्यानं सांगितलीत, सिकंदराबादच्या छावणीत शिकलेल्या त्या दखनीत. कुणी "इंग्रज साहेब" म्हटलं की उखडायचात. "अंग्रेज नै जी! आयर्लंड! अंग्रेज हमारे सर पे बैठे थे." मग मामा विचारायचा, "म्हंजी आमच्या डोस्क्यावर निजाम बसलाय तसं?" आणि मामी लगेच दटावायची, "हळू बोला, भिंतीपल्याड अमीनाचा शिपाई ऱ्हातोय." अमीन म्हणजे ठाण्याचा फौजदार, त्याच्या कानाला तेव्हा सगळेच भ्यायचे. तुमची आई बंदरावर मासे चिरायची. त्या चिरणाऱ्या बायांच्या रांगेसमोर तुम्ही मासळीच्या व्यापाऱ्याची चाल करून दाखवायचात, आणि बाया हसून सुऱ्या खाली ठेवायच्या. व्यापाऱ्यानं एकदा पकडून कानफटात दिली, तर त्या कानफटीचीही नक्कल तुम्ही दुसऱ्या दिवशी केलीत. मग गावोगाव हिंडणाऱ्या एका नाटकवाल्या कुटुंबात शिरलात. धान्याच्या कोठारात फळ्या टाकून खेळ, तोच माणूस आधी राजा, मग राजाचा मारेकरी, मग दारावर तिकिटं फाडणारा. मामा म्हणाला, "आरं, ह्यो तर आपलाच फड!" पुढं मोठ्या कंपनीबरोबर आगबोटीनं मुंबई, कलकत्ता, छावण्याच छावण्या. पण त्या कंपनीत तुम्ही कायम नोकराचं सोंग करायचात, हातात तबक धरून मागं उभा राहणारा. बोलायला शब्द नाहीत. मुख्य विनोदी नट पुढं उड्या मारायचा, आणि लोक बघायचे तबकवाल्याकडं. म्हणून तो नट तुमच्यावर जळायचा आणि तुमचं नाव कधी भिंतीवरच्या कागदावर आलं नाही. परभणीला ताप चढला तेव्हा गाडीतून उतरवून ठेवलं, "अगली गाडी में आ जाना" म्हणाले, आणि मागं साधी तारसुद्धा केली नाही. हे सांगताना तुम्ही हसवायचा जरासुद्धा प्रयत्न केला नव्हता. तेवढं एकदाच.

आता माझं सांगतो. मी तेव्हा मिसरूड फुटलेला जवान, फडात दुय्यम सोंगाड्या. अंगात वारं भरलेलं. बोलता बोलता बोलणं सोडून देणार, चालता चालता रस्ता. राणीसावरगावला तर कमालच केली. खेळ रंगात आलेला, मी पाटील झालोय, आणि पलीकडं दोन टोणग्यांची टक्कर लागली. मी पाटलाच्या फेट्यासकट उडी मारून टक्कर बघायला गेलो. लोकांनाही तो खेळच वाटला, तेही मागं आले. मामानं मला दोन लाथा घातल्या. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून जवारीच्या रानात नेलंत. दाणा भरत आलेला, पाखरांचे थवे उतरायलेले. तुम्ही बुजगावणं उपटून बाजूला ठेवलंत, त्या जागी मला उभं केलंत, डोक्यावर तुमची काळी टोपी घातलीत, हात पसरून दिलेत आणि म्हणालात, "ठैर. पंछी आने तक ठैर."

"आन आलेच न्हाईत तर?"

"तो तू अभी हिलरा है."

त्या शेताचा मालक बांधावर बसून आमच्याकडं बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "साहेब, ह्ये पाखरं उडवायलंय का बोलवायलंय?" मी हसलो, आणि उतरत आलेला थवा भर्रकन उडाला. तुम्ही म्हणालात, "फिर से." पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, लांब कुठंतरी कुणाची बैलगाडी उलटल्याचा आरडाओरडा ऐकू आला, आणि साहेब, ती बैलगाडी बघायला माझा जीव किती तुटला हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. पण राहिलो उभा. ऊन कलल्यावर एक पाखरू आलं आणि टोपीवर बसलं. आणि त्यानं टोपीवर आपलं काम उरकलं. तुम्ही लांबून अशा टाळ्या पिटल्यात, जशा राजाला पिटाव्यात. मी टोपी काढून तुमच्यापुढं धरली. तुम्ही आत वाकून बघितलंत, बाहेरून बघितलंत. "अब तू रख. गंदी हो गयी." झालं, टोपी माझी. खेळाच्या वेळी तुम्ही ती माझ्याकडून अदबीनं मागून न्यायचात आणि खेळ संपला की परत आणून द्यायचात.

आणि मग ती जत्रा. आपल्याकडं गंगा म्हणतात त्या गोदावरीच्या वाळवंटात महादेवाची जत्रा भरलेली, दुपारची वेळ, आणि समोरासमोर दोन फड. आमचा आणि गंगेपल्याडचा. नियम तुम्हाला कुणी नीट समजावून सांगितला नाही, तिथंच सगळं झालं. नियम असा, की ज्याच्या फडाला लोक हसायचे थांबतील तो हरला, आणि हरलेल्यानं आपला डफ जिंकणाऱ्याच्या पायाशी ठेवायचा. तो डफ वर्षभर जिंकणाऱ्याच्या राहुटीत टांगलेला राहतो. पुढच्या जत्रेला हरणाऱ्यानं यायचं आणि तो जिंकून न्यायचा. डफ गेलेला फड वर्षभर वाजत नाही, म्हणजे वर्षभर चूल कशी पेटायची ते महादेवाला ठाऊक. पल्याडचा सरदार स्वतःच त्यांचा सोंगाड्या, काटकुळा, ताडासारखा उंच, जिभेला धार अशी की वस्तऱ्यानं उसनी मागावी. त्यानं आम्हाला पार झोपवलं. मी दोन सोंगं केली, दोन्ही पडली. मग तो तुमच्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्यांच्या रानात हसं पिकंना, म्हनून ईलायतेचं बी आनलंय! बघू बरं, उगवतंय का?" सगळं वाळवंट हसलं. मामाचा हात डफावर गेला. ठेवायची वेळ आलीच असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

त्यात अमीनसाहेब आले. रुमी टोपी, खुर्ची, मागं शिपाई. फडात गोरा आहे हे कळलं होतं. "इस के खेल में बोल क्या हैं? लिखे हुए बताओ." मामा हात जोडून म्हणाला, "हुजूर, बोलच न्हाईत." अमीन गोंधळला. "बोल नै? तो मना काय कू करूं?" आणि बसला खुर्चीवर, मना करण्यासारखं काही निघतंय का ते बघायला.

तुम्ही आलात. काळी टोपी, कोट, गावाच्या दौऱ्यावर आलेला मोठा हाकीम. मी गावचा पाटील, भीतीनं वाकलेला. खाट टाकली, तुम्ही बसलात. मामीनं तव्यावरची खरीखुरी भाकर आणि खराखुरा ठेचा आणला, डोळ्यात पाणी येईल असा. तुम्ही गोळा उचललात, ऐटीत तोंडात टाकलात, आणि थांबलात. साहेब, मी आजवर पुष्कळ शांतता ऐकल्यात, पण एवढ्या माणसांची शांतता ती पहिली. पल्याडचा सोंगाड्या ओरडला, "न्हाई उगवलं!" कुणी हसलं नाही. कारण तेवढ्यात तुमचे कान लाल व्हायला लागले होते. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "आगं बया, लागलं!" मग गाल. हाकिमाची ऐट तशीच, मान ताठ, हात गुडघ्यावर. मग नाक. मागच्या लोकांना दिसेना म्हणून ते गाड्यांवर चढले. थेंब निघाला, मिशीपर्यंत आला, थांबला. हजार माणसांचा श्वास त्या थेंबाबरोबर मिशीवर अडकला. थेंब पडला, आणि तुम्ही माझ्याकडं वळून, जणू सरकारी हुकूम सोडावा तसं, ताट पुढं केलंत. "आनखी वाड."

वाळवंट फुटलं. मला दुसरा शब्द येत नाही. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या, अमीनसाहेबांची रुमी टोपी मागच्या शिपायाच्या हातात गेली आणि त्यानं ती आपल्याच डोक्यावर घातली. कुठूनतरी आवाज आला, "उगवलं रं, उगवलं!" आणि मग सगळी जत्राच ओरडायला लागली, "उगवलं! उगवलं!" त्याचाच विनोद त्याच्याच अंगावर बियाणं होऊन उगवला. अमीन उठून मामाला म्हणाला, "मना करने जैसा कुछ नै मिला," आणि जाताना पुन्हा वळून तुमच्या कानांकडं बघून हसला.

पल्याडचा सोंगाड्या पुढं आला. हरला तरी ताठ. डफ त्यानं तुमच्या पायाशी ठेवला. आणि तुम्ही काय केलंत? तुम्हाला वाटलं, बिचाऱ्याच्या हातून पडला. तुम्ही वाकलात, डफ उचललात, कोटाच्या बाहीनं त्याची वाळू पुसलीत आणि दोन्ही हातांनी, मान झुकवून, त्याला परत दिलात. साहेब, सगळी जत्रा चपापली. आपल्याकडं जिंकलेला डफ तिथंच परत देणं म्हणजे, तुझा डफ टांगायच्याही लायकीचा नाही, पुढच्या वर्षी जिंकायलाही येऊ नको. त्याचा चेहरा तुमच्या कानांहून लाल झाला. "ह्यो डफ आता वाजायचा न्हाई," एवढंच तो म्हणाला आणि वाळवंट तुडवत होडीकडं गेला. मामानं नंतर किती सांगावे धाडले, त्यानं दार उघडलं नाही. तुम्हाला नियम कळला तेव्हा तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. म्हणालात, आमच्या मुलखात दोन नटांची पैज लागली, की जिंकणारा हरणाऱ्याची टोपी उचलतो, बाहीनं झटकतो आणि परत त्याच्याच डोक्यावर घालतो. म्हणजे, तूही नटच आहेस. त्याच्याकडं टोपी नव्हती, डफ होता, आणि तुमच्या हातानं आपोआप तेच केलं असणार. मामा म्हणाला, "दोनी रिती चांगल्याच हायेत. येका ठिकानी आल्या, येवढंच वंगाळ झालं."

त्या जत्रेनंतर आपण जाऊ तिथं आधी दवंडी. आठवतं? मानवतच्या चौकात दवंडीवाला ओरडत होता, "ऐका हो ऐका! ठेचा खाणारा साहेब आलाय हो!" तुम्ही मला विचारलंत, "क्या बोलरा वो?" मी म्हणालो, "तुमचं नाव घ्यायलाय." तुम्ही मधेच उभे राहिलात, मागं बैलगाड्या खोळंबल्या, गाडीवाले शिव्या घालायले, आणि तुम्ही म्हणालात, "फिर से बोलने बोलो." तो दवंडीवाला त्या दिवशी तुमच्यासाठी चारही गल्ल्या परत फिरला.

तुम्ही गेलात हिवतापात. जालन्याहून पाद्री आले, टेसनापलीकडं लिंबाखाली तुम्हाला ठेवलं. मामीनं भाकर आणि ठेचा आणून मातीवर ठेवला. पाद्र्यानं विचारलं, "ये क्या है?" मामी म्हणाली, "त्यांचा धंदा हाय." पाद्र्यानं जरा विचार केला आणि ठेच्यावरूनही हात फिरवून प्रार्थना म्हटली. मग ढोलकी वाजली. रडायला म्हणून आलेली माणसं तुमची एकेक गोष्ट सांगत हसत परत गेली, आणि गावोगावचे लोक अजून ते ठिकाण दाखवतात.

नंतरची वर्षं मी वाया घालवली म्हणा किंवा हिंडवली म्हणा. मानवतच्या जिनिंगमध्ये कापूस दाबला, फण्या विकल्या, एका वैद्याबरोबर मुळ्या खणल्या. मागचं साल तर असं, की चार माणसं एका जागी उभी राहिली तरी विचारणारं कुणी यायचं. हसणं तर दूरच, लोक शिंकतानासुद्धा इकडंतिकडं बघायचे. आता निजामाचं राज्य गेलं. त्यानंतरची रब्बीची जवारी अजून हुरड्यावरही आली नाही, आणि काल सोनपेठच्या बाजारात लोक विनापरवाना गोल करून बसले. ढोलकीला गंगाखेडचा एक गवंडी मिळाला. मामी भाकर घेऊन उभी. पाटलाचं सोंग कुणी नाही म्हणून मामीच पाटील झाली, पदराचा फेटा बांधून. मी तुमची टोपी घातली. बसलो. ठेचा तोंडात टाकला आणि थांबलो.

कोपऱ्यावर नेमका माकडवाला आला, साहेब. डुगडुगी वाजली. माझ्या पायाचा अंगठा हलला, खोटं कशाला बोलू. मग मला ते रान दिसलं, ते पाखरू, टोपीवरची घाण. राहिलो. लोकांनी माकडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा माकडाकडं, आणि शेवटी माकडच माझ्याकडं टक लावून बघायला लागलं. तिथून हसू सुटलं ते "आनखी वाड"ला असं फुटलं, की सालभराचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. मामी फेटा सोडून डोळे पुसायली. खेळ संपल्यावर मी टोपी हातात घेऊन लोकांना तुमची सगळी गोष्ट सांगितली, बंदर, मासे, फलाट, आणि तो डफ तुम्ही का परत दिलात तेही. पहिल्यांदाच, चव्हाट्यावर. मला वाटलं, नाव जायचं तर नीट जावं.

इथवर लिहिलं आणि उठावं लागलं. आता परत बसलोय, घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. अप्पा म्हणाले, "तुला कोनतरी बोलवायलंय." ओट्याखाली एक ताडासारखा म्हातारा उभा, आता जरा वाकलेला, बगलेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल. पल्याडचा सोंगाड्या. काल म्हणे मागच्या रांगेत होता.

"ठेचा खोटा हुता," तो म्हणाला. राम राम नाही, काही नाही.

मी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"खऱ्या ठेच्यानं आदी कान लाल व्हत्यात. मंग गाल. नाक सगळ्यात शेवटी. त्येचे मी सवता बघितलेत, येवढी वर्सं डोळ्याम्होरून गेले न्हाईत. तुजं नाक आदी लाल झालं. दम कोंडून आनलंस व्हय?"

तर साहेब, कबूल करतो. हरभऱ्याचा पाला आणि कोथिंबीर होती. दम कोंडूनच आणलं. तुम्ही प्रत्येक खेळाला खरा खाल्लात, मी नाही खाल्ला.

म्हाताऱ्यानं हात लांब करून माझ्या डोक्यावरची तुमची टोपी उचलली. सदऱ्याच्या बाहीनं झटकली, दोनदा. आणि परत माझ्याच डोक्यावर घातली. "काल तू हरलास," तो म्हणाला. "त्येच्या मुलकात असंच करत्यात म्हनलास न्हवं?" मग ओट्यावर बसला, फडकं सोडलं आणि डफ मांडीवर घेतला. "इस्तू आना जरा. कातडं ढिलं पडलंय, शेकाया लागंल. आन तुज्या मामीला म्हनावं, आज मिरच्या भाजायच्या."

मामी भाजायली. मिरच्यांचा ठसका इथपर्यंत आलाय, अप्पा खोकायलेत, म्हातारा खोकायलाय, मुंग्यासुद्धा कागद सोडून निघाल्या. टाकायला पत्ता नाही, म्हणून हा कागद तुमच्या टोपीच्या अस्तरात घालतो. बाहेर डफ वाजायला लागलाय.